रविवारच्या पुरवणीत भाड्याच्या हॉललाही जागा द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडे कितीतरी वर्षं येतो आणि रविवारच्या पुरवणीतलं घर सजावटीचं पान मी न चुकता वाचते, आवडलं तर कापून पण ठेवते. पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून आज लिहायला बसले. ते सगळे लेख स्वतःच्या मालकीच्या घराचे असतात. फॉल्स सीलिंग करा, भिंत पाडून किचन ओपन करा, टीव्हीच्या मागे लाकडी पॅनेल लावा. आम्ही पुण्यात अकरा-अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहणारी माणसं, लग्नाला बारा वर्षं झाली आणि हे आमचं चौथं घर, आम्हाला साधा खिळा ठोकायचा तरी मालकांना फोन करावा लागतो. आमच्यासारखी हजारो घरं असतील या शहरात, सगळी तुमचा पेपर वाचतात, त्यांच्यासाठी कधीतरी एक लेख लिहा ना.

आधीच्या तिन्ही घरांत मी हॉलला हातच लावला नाही. आपलं थोडीच आहे, उद्या सोडायचंय, कशाला पैसे घाला, असंच चालायचं. यंदा सासूबाई म्हणाल्या की संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्या घरी करायचं, बारा वर्षं तू दुसऱ्यांकडेच जाऊन वाण घेतेस. तेव्हा मी पहिल्यांदा आमच्या हॉलकडे नीट बघितलं. दहा बाय बाराची खोली, धायरीतली जुनी बिल्डिंग. भिंतींना कधीतरी पिस्ता रंग दिलेला होता, आता तो कुठला रंग म्हणायचा ते सांगता येत नव्हतं. जिथे आधीच्या भाडेकरूंचा पलंग असणार तिथे भिंतीला टेकून टेकून डोक्याच्या तेलाचे चार काळपट गोल उमटले होते, दोन मोठे आणि दोन लहान, म्हणजे दोन मुलं असणार त्यांना. बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे. मालकांचा रेक्झिनचा सोफा, फाटलेला, उन्हाळ्यात अंगाला चिकटणारा. आणि डोक्यावर ती पांढरीफटक ट्यूब.

माझ्याकडे भिशीचे सात हजार होते, त्यातच बसवायचं ठरवलं. पेंटरला विचारलं तर नुसत्या रंगाचेच नऊ हजार म्हणाला. मग नवरा म्हणाला आपणच करू, दोन-तीन रविवार लागतील.

आधी मालकांना विचारलं हे मुद्दाम सांगते, कारण बरेच जण घाबरून विचारतच नाहीत. आमचे मालक तसे चांगले आहेत, म्हणाले रंग तुमच्या खर्चाने लावत असाल तर लावा, फिकट लावा फक्त, आणि तो सोफा नको असेल तर टेरेसवरच्या खोलीत ठेवून द्या. इतकं सोपं होतं. बारा वर्षांत विचारलंच नव्हतं कोणाला.

ओलीचं मात्र आम्ही दुसऱ्या घरात शिकलो होतो. तिथे दिवाळीच्या आधी पोपड्यांवरूनच रंग मारला, काही महिने छान दिसलं आणि पहिल्या पावसाळ्यात सगळं फुगून खाली. भिंतीतलं पाणी कुठून येतंय ते थांबवल्याशिवाय वर काही लावलं तरी राहत नाही, कारण ते पाणी विटा आणि प्लास्टरमधलं मीठ विरघळवून घेऊन येतं आणि पृष्ठभागावर वाळताना रंगाला मागून ढकलतं, तो जो पांढरा भुसभुशीत थर दिसतो तो तोच. यावेळी आधी बाथरूममध्ये जाऊन टाइल्सचे जॉइंट बघितले, खालच्या दोन ओळींत सिमेंट निघून गेलं होतं. पांढरं सिमेंट आणून नवऱ्याने ते भरले, एक दिवस आम्ही शेजारी अंघोळी केल्या, आणि मग हॉलच्या बाजूचे पोपडे पत्रीने खरवडून भिंत तीन आठवडे तशीच उघडी ठेवली. वाळली की नाही ते बघायची एक सोपी पद्धत आहे, प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवसांनी बघायचा, आतून दव धरलं असेल तर भिंत अजून ओली आहे. आमचं पहिल्यांदा धरलं होतं, दुसऱ्यांदा नाही.

तेलाच्या डागांवर पण थेट रंग मारायचा नाही, खालून परत वर येतात. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोन वेळा घासले, कोरडे होऊ दिले, मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्राइमर आणि डिस्टेंपरचे दोन हात. दहा किलोची बादली छतासकट पुरली. रंग हलका बदामी केला, पांढऱ्यात स्टेनर म्हणजे बाटलीतला दाट रंग घालून, आणि सगळा एकदाच एका टबमध्ये कालवला, कारण अर्धा आज आणि अर्धा पुढच्या रविवारी केला असता तर तोच रंग परत जमला नसता. पुट्टी घासताना मात्र तोंडाला रुमाल बांधा, पंखा बंद ठेवा, आणि लहान मूल असेल तर त्याला त्या दिवशी कोणाकडे तरी पाठवा, सगळ्या घरभर पीठ होतं नुसतं.

आता खिळ्यांबद्दल. ते चिकटवायचे हुक मिळतात ना, ते डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाहीत, डिस्टेंपर वरून पिठासारखा असतो, हुक पडतो आणि सोबत रंगाचा पापुद्रा घेऊन जातो. आमच्या मोठ्या भिंतीला आधीच्या कोणीतरी पाडलेली दोन ड्रिलची भोकं होती, साडेतीन फुटांच्या अंतराने. जुन्या लाकडाच्या दुकानातून चार फुटांची सागाची पट्टी आणली, त्या दोनच भोकांमध्ये स्क्रू धरायची नवीन गिट्टी घालून पट्टी स्क्रूने बसवली आणि पट्टीला खालून हवे तेवढे हुक लावले. आता त्यावर मुलीची चित्रं आहेत, सासऱ्यांचा फोटो आहे, आईकडच्या पितळेच्या लामणदिव्यांच्या जोडीतला एक आहे. भिंतीला नवीन एकही भोक नाही, आणि जाताना पट्टी काढून घेऊन जाता येईल.

सोफ्याच्या जागी आम्ही बैठक केली. माझ्या लग्नातल्या दोन कापसाच्या गाद्या माळ्यावर पडून होत्या, दगडासारख्या झाल्या होत्या. पिंजाऱ्याला बोलावलं, त्याने खाली पार्किंगमध्ये दोन्ही उसवून कापूस पिंजून परत भरल्या, उरलेल्या कापसाचे दोन लोड करून दिले. नवीन गादीच्या किमतीच्या मानाने फारच कमी पैसे लागले त्याला, आणि हा माणूस आता आमच्या भागात वर्षातून एखाददोनदाच दिसतो म्हणून वाईट पण वाटलं. वर सोलापुरी चादरी घातल्या. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, एक बाजू मळली की उलटी करायची, आणि ती इतकी जाड असते की कव्हर शिवायची गरजच पडत नाही, नुसती खोचली की बसते. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, त्यांच्यासाठी रविवारी जुन्या बाजारातून एक लाकडी बाक आणला पंधराशेला, एक पाय हलत होता तो नवऱ्याने पाचर मारून घट्ट केला. घर बदलताना सोफा टेम्पोत चढवायला तीन माणसं लागतात, बैठक आम्ही दोघं गुंडाळून नेऊ.

पडद्यांना एक रुपया लागला नाही. आईच्या दोन सुती साड्या होत्या, एक इरकली काठाची आणि एक साधी निळी. साडेपाच मीटरच्या साडीत सात फुटांचे दोन पडदे आरामात निघतात आणि वर जवळजवळ एक मीटर उरतं, त्यात लोडाचे अभ्रे. काठ खाली येईल असा विचार केला होता, पण साडीचा काठ लांबीला असतो म्हणून तो पडद्याच्या कडेने उभा आला, आणि खरं सांगते तेच जास्त छान दिसतं, दोन्ही पडदे मिटले की मधोमध आईच्या साडीचा काठ. आई आता नाहीये. रोज सकाळी पडदा सरकवताना तो काठच हातात येतो.

उजेडाकडे कोणी लक्षच देत नाही. दुकानातली नेहमीची ट्यूब ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) असते, निळसर पांढरी, तिच्याखाली कुठलाही रंग आजारी दिसतो आणि माणसं पण. मुलीच्या अभ्यासाला ती ठेवली, पण कोपऱ्यात ३००० केल्विनचा पिवळसर नऊ वॉटचा एलईडी लावला आणि त्याला बुरूड आळीतून आणलेली बांबूची टोपली उलटी करून शेड केली. एलईडी आहे म्हणून हे चालतं, जुन्या साठ वॉटच्या बल्बला बांबू करपला असता. संध्याकाळी तो एकटा लावला की भिंतीवर टोपलीच्या विणीची सावली पडते.

फरशी जुनी मोझॅकची आहे. शेजारच्या काकू ॲसिड टाका म्हणाल्या, टाकू नका, मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, ॲसिड दोन्ही खातं आणि फरशी कायमची खरबरीत होते. शहाबादी फरशीचं पण तेच. गरम पाणी, साबण, काथ्याची घासणी आणि एक दुपार. खालून तांबडे-काळे खडे असे चमकून वर आले की मुलगी म्हणाली ही नवीन फरशी कधी बसवली.

सगळं मिळून ६,८५० रुपये झाले. हळदीकुंकवाला बावीस बायका आल्या, बैठकीवर मावल्या नाहीत म्हणून चटया टाकल्या.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगितलं कारण आता मूळ मुद्दा. आमच्या तिसऱ्या घराच्या मालकांनी सोडताना डिपॉझिटमधून पेंटिंग चार्जेस म्हणून बारा हजार कापले होते. आम्ही राहायला आलो तेव्हाच त्या भिंतींना कित्येक वर्षं रंग नव्हता, पण आमच्याकडे फोटो नव्हते, ॲग्रीमेंटमध्ये ओळ नव्हती, भांडायला वेळ नव्हता. भाडेकरू घराला हात लावत नाहीत त्यामागे ही भीती आहे. रंग लावला तर मला विचारलं नाही म्हणून पैसे कापणार, नाही लावला तर भिंती खराब केल्या म्हणून कापणार.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला, त्याच्या शेवटी दुरुस्त्यांची यादी आहे. भिंतींना रंग-सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाइपलाइन आणि वायरिंग ही कामं त्यात मालकांकडे आहेत, भाडेकरूकडे नळाचे वॉशर, स्विच, खिडकीच्या काचा, कड्या-कुलपं अशी. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेऊ नये असंही त्यात आहे. तो राज्यांनी आपापल्याकडे आणायचा असतो. पण निदान ही यादी तुमच्या पानावर छापा, म्हणजे मालकांसमोर ठेवून बोलता तरी येईल. आणि आपल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, त्याप्रमाणे ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर केलेलं पाहिजे आणि ते रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकांची आहे, हे पण कितीतरी जणांना माहीत नसतं, एजंट पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर भागवतात.

मालक मंडळींना पण माझी विनंती आहे. तुमचा भाडेकरू स्वतःच्या पैशाने ओल काढून भिंत रंगवत असेल तर घर तुमचंच सुधारतंय, त्याला नाही म्हणू नका, आणि हो म्हणत असाल तर ते ॲग्रीमेंटमध्ये एका ओळीत लिहून द्या. भाडेकरूंनी पहिल्याच दिवशी, सामान उतरवायच्या आधी, चारी भिंतींचे, फरशीचे आणि बाथरूमचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावेत, तारीख आपोआप राहते.

आमचं ॲग्रीमेंट नोव्हेंबरमध्ये रिन्यू होतंय. हॉलचा रंग भाडेकरूंनी मालकांच्या परवानगीने स्वखर्चाने केला असून त्यापोटी डिपॉझिटमधून कपात होणार नाही, अशी ओळ टाका असं मी मालकांना सांगितलंय आणि ते हो म्हणालेत. ॲग्रीमेंटमध्ये ती ओळ आली की त्या पानाची झेरॉक्स, नाव-पत्ता झाकून, तुम्हाला पाठवीन, पुरवणीत छापता आली तर बघा.

कळावे, लोभ असावा.

आपली एक नेहमीची वाचक,
धायरी, पुणे