त्या झुरळाला राक्षस म्हणू नका

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवाच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियातल्या बिळात राहणाऱ्या महाकाय झुरळाचा फोटो बघून खूप आनंद झाला पण वर हेडिंग काय तर 'किळसवाणा राक्षस', म्हणून हे पत्र लिहितोय.

अहो हे झुरळ कोणाच्या किचनमध्ये येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याच्या उत्तर भागात निलगिरीच्या झाडांच्या जंगलात जमिनीखाली राहतं, पंख अजिबात नाहीत, लांबी ८ सेंटिमीटरपर्यंत आणि वजन ३०-३५ ग्रॅमपर्यंत जातं, जगातलं सगळ्यात वजनदार झुरळ हेच. पुढचे पाय फावड्यासारखे, त्यांनी माती उकरत पार १ मीटर खोल बीळ करतं आणि रात्री, खासकरून पाऊस पडून गेला की, वर येऊन निलगिरीची वाळकी पानं ओढत खाली नेतं. तेच त्याचं जेवण. एवढा कोरडा पाचोळा पचवून परत मातीत मिसळायचं काम ते करतं, त्या जंगलाच्या जमिनीला याची गरज आहे.

आणि आई तर बघा. अंडी घालून निघून जात नाही, पिल्लं तिच्या पोटातूनच जिवंत बाहेर येतात, एका वेळी वीस-तीस, मग कित्येक महिने ती बिळातच तिच्याजवळ असतात आणि ती त्यांच्यासाठी पानं आणते. मोठं होईपर्यंत १२-१३ वेळा कात टाकतात, नुकती टाकली की अंग पांढरंशुभ्र, नंतर हळूहळू तपकिरी. १० वर्षांपर्यंत जगतात, कीटकाला एवढं आयुष्य!

झुरळांच्या ४५०० च्या वर जाती आहेत, माणसाच्या घरात घुसणाऱ्या त्यातल्या तीसेक, बाकीच्यांना उगाच बदनाम करतो आपण.

याच्याच नात्यातलं एक बिनपंखी, लाकूड खाणारं झुरळ ऑस्ट्रेलियाच्याच लॉर्ड हाऊ बेटावर होतं. १९१८ मध्ये जहाजातून उंदीर आले आणि मुख्य बेटावरून ते संपलं असंच सगळे धरून चालले होते. २०१९ मध्ये उंदीर हटवायची मोठी मोहीम झाली, आणि २०२२ मध्ये तिथल्या एका वडाखालचा दगड उचलला तर खाली हेच झुरळ! बातमी म्हणतात ती ही.

पुरवणी शाळेतली मुलं वाचतात साहेब. येत्या रविवारी तोच फोटो परत छापा, खाली ते काय खातं, कुठं राहतं, पिल्लं कशी वाढवतं ते द्या, आणि ते हेडिंग मागे घ्या.

आपला नेहमीचा वाचक,
सातारा