बर्फाखालची बोडी

मिनेसोटा, 17 जानेवारी

अरे पक्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहाटे 8 डिग्री, बोडीतले मासे खाद्याला तोंड लावत नाहीत, पोतं तसंच पडलंय आणि तू वैतागलायस. लेका, आधी ते खाद्य टाकणं बंद कर, किंवा अगदी चिमूटभर टाक, तेही दुपारी ऊन पाण्यात उतरल्यावर. माशाचं अंग पाण्याइतकंच गार होतं ना, मग पोटातलं पचणार कसं? रोहू-कटला 18-20च्या खाली गेले की सुस्तावतात. तू टाकलेली पेंड आणि कोंडा तळाला जाऊन कुजतो आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. म्हणजे पैसे तुझे आणि जेवण जंतूंचं.

इथं आमच्या बिल्डिंगमागेपण एक तळं आहे, तुझ्या बोडीपेक्षा लहानच. आज बाहेर उणे 25 आहे, नाकातले केस गोठतात बे, खरंच. पहिल्या वर्षी मला वाटलं की तळं खालपर्यंत दगड झालं असेल, संपला विषय. पण पाणी 4 डिग्रीला सगळ्यात जड असतं, ते तळाला जाऊन बसतं, त्याहून गार झालेलं वर राहतं आणि तेच गोठतं, आणि बर्फ हलका म्हणून तरंगतो. वर गोधडी, खाली 4 डिग्री. हेच उलटं असतं, म्हणजे बर्फ जड असता, तर तळं खालून भरत गेलं असतं आणि मासा राहिला नसता.

डिसेंबरच्या सुरुवातीला, बर्फ चांगला जाड झाला होता पण वर भुरभुर पडली नव्हती, तेव्हा मी टॉर्च घेऊन पोटावर आडवा झालो. काचेसारखा काळा बर्फ. आत पांढरे बुडबुडे एकावर एक, कुणी रुपयांची चळत लावावी तसे, गाळातून निघालेला मिथेन वर येता येता अडकलेला. आणि त्याच्या खाली एक पाणकिडा, बोटाच्या पेराएवढाही नाही, वल्हं मारत माझ्या नाकाखालून गेला! बायको खिडकीतून ओरडत होती, मी उठेचना.

कासवाचं तर विचारूच नको. इथलं रंगीत नक्षीचं कासव तळाच्या गाळात बसतं आणि तीन-तीन महिने ऑक्सिजन नसला तरी जगतं. अंगात आम्ल साचतं ते त्याचं कवच शोषून घेतं, कवचातलाच चुना वापरून. पाठीवर ढाल आणि पोटात ॲसिडिटीची गोळी, दोन्ही एकातच.

मरतात ते मासे. आणि गंमत म्हणजे थंडीनं नाही, थंड पाण्यात ऑक्सिजन जास्तच मावतो, 0 डिग्रीला लिटरमागे साधारण 14 मिलिग्रॅम, 30ला जेमतेम साडेसात. पण बर्फाचं झाकण बसलं की हवेतून नवा येत नाही, वर हिम साचलं की उजेड आत जात नाही, शेवाळं-वनस्पती ऑक्सिजन करायचं थांबवतात, आणि खालचा पालापाचोळा मात्र कुजतच राहतो. उथळ तळ्यात फेब्रुवारी-मार्चला साठा संपतो. दोन वर्षांपूर्वी बर्फ वितळला तेव्हा काठाला पांढरी पोटं वर करून पडलेले, वास आठवडाभर. म्हणून शेजारचे म्हातारबा आता फावडं घेऊन हिमाचे पट्टे साफ करतात, उजेड जावा म्हणून, मीपण जातो हातभार लावायला. घण घालून बर्फ फोडायचा नाही म्हणतात, दणक्यानं मासे दगावतात.

तुझ्याकडं झाकण नाही, तेवढं तुझं नशीब. पण जाळं टाकून चार मासे उलटून बघ, अंगावर लाल जखमा आहेत का. तो जखमांचा रोग बहुतेक थंडीत येतो. असतील तर मला फोटो नको पाठवू, आधी मत्स्य खात्याच्या माणसाला बोलव.

आणि पहाटेचं नको, दुपारी तीनचं पाण्याचं टेंपरेचर कळव, हवेचं नाही.

तुझा,
बंड्या

ता.क. काकूंना सांग, मुरमुऱ्याचा चिवडा संपला.