अंगणात फरशी घालण्याआधी

सांगली,
आश्विन, नवरात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, दसरा झाला की साताऱ्याच्या घरासमोरचे सगळे अंगण पेव्हर ब्लॉकने झाकून घेण्याचा विचार तुम्ही परवा फोनवर बोलून दाखवलात. आता वाकवत नाही, पाण्याच्या बादल्या उचलवत नाहीत आणि नीट राखता येणार नसेल तर बाग नकोच, हे तुमचे म्हणणे मला समजते. तरीही गवंड्याला इसार देण्यापूर्वी हे पत्र शेवटपर्यंत वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बाग मोडू नका. ती लहान करा आणि तुमच्या हाताच्या उंचीवर आणा, एवढेच मला सांगायचे आहे.

फाटकापासून पायरीपर्यंत फरशी जरूर घालावी, कारण तुमच्या पायाखाली सपाट, कोरडी वाट असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ती खडबडीत शहाबादी असावी, चकचकीत टाइल मुळीच नको. मात्र उरलेली माती उघडी राहू द्यावी. साताऱ्याचा पाऊस इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. तो मुरायला जागा राहिली नाही तर सगळे पाणी फाटकातून रस्त्यावर जाईल, आणि चैत्र-वैशाखात तापलेल्या ब्लॉकची धग रात्रीपर्यंत ओसरीत येत राहील.

कुंपणाच्या ज्या भिंतीवर दक्षिणेचे ऊन येते, तिच्यालगत विटांचा उंच वाफा बांधून घ्यावा, असे मला वाटते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे तिथेच ऊन जास्त वेळ टिकते. वाफ्याची उंची दोन फुटांच्या आसपास ठेवली म्हणजे खुर्चीत बसून खुरपता येते. रुंदी मात्र दोन फुटांहून अधिक नको, कारण एका बाजूनेच हात घालायचा आहे. विटांच्या सर्वांत खालच्या थरात मधून मधून फटी ठेवायला गवंड्याला आवर्जून सांगावे, नाहीतर पाणी साचून मुळे कुजतील. इतका खोल वाफा नुसत्या मातीने भरण्याची गरज नाही. तळाचा निम्मा भाग पालापाचोळा आणि उसाच्या पाचटाने भरावा. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडे पाचटाला तोटा नसतो, आणि लोक ते शेतातच पेटवून देतात याचे मला दरवर्षी वाईट वाटते. पाचट कुजताना नत्र ओढून घेते, म्हणून त्याच्या प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा, आणि वरच्या भागात अंगणातली माती व चांगले कुजलेले शेणखत मिसळून घालावे. आपल्या अंगणातली माती मुरमाड आहे, तिच्यातून पाणी चटकन निघून जाते. इथल्या काळ्या मातीसारखी ती ओली झाल्यावर चिकटत नाही आणि वाळल्यावर भेगाळत नाही. वाफ्याला तीच बरी. वर्षभरात ती खाली बसेल, तेव्हा वरून पुन्हा खतमाती घालायची.

या वाफ्यात थंडीची भाजी फार सुरेख येईल. मेथी महिनाभरात खुडायला मिळते, मुळ्याला दीड महिना पुरतो. कोथिंबिरीसाठी धणे हलक्या हाताने रगडून त्यांची दोन दळे करावीत आणि मगच पेरावेत. ते उगवायला आठ-दहा दिवस घेतात, तोवर धीर धरावा लागतो. सगळे बी एकाच दिवशी टाकू नये, दर दहा-बारा दिवसांनी हातभर ओळ पेरत जावे, म्हणजे दोघांपुरती भाजी सतत मिळते. आईला आवडणारा कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मात्र पावसाळ्यातला. तो पुढच्या मृगात लावू. पाणी पाच लिटरच्या झारीने अर्धी भरूनच घालावे. वाटेत आडवी पडलेली नळी पायात येते, म्हणून ती अंगणात नकोच.

आई, तुझ्या शेवंतीविषयी एक गोष्ट आवर्जून लिहिते. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब, काळोखी रात्र लागते. दिवाळीच्या दिव्यांच्या माळा रात्रभर तिच्या अंगावर चमकत राहिल्या तर तिला रात्र झालीच नाही असे वाटते आणि बहर लांबतो. त्यामुळे कळ्या नीट दिसू लागेपर्यंत ती कुंडी परसदारी ठेवावी आणि फुलली की मोठ्या मानाने पायरीशी आणून बसवावी. कुंडी हलवण्याचे काम मात्र तू करू नकोस, दूध घालायला येणाऱ्या मुलाला सांग. गुलाबाची छाटणी दसऱ्यानंतर लगेच करावी, म्हणजे साधारण दीड महिन्याने त्याला फुले येतात. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू टाकून न देता वाळवून ठेवा. त्याचे बी या वाफ्याच्या कडेला टाकले तर संक्रांतीच्या सुमारास फुले येऊ लागतील, रंग मात्र मूळ फुलासारखाच येईल असे नाही. आणि कोणी कासच्या पठारावरून रोप आणून देतो म्हणाले तर स्पष्ट नको म्हणावे. जांभ्या खडकावरच्या मातीच्या पातळ थरात, धुक्यात आणि पावसात वाढणारी ती झाडे कुंडीत जगत नाहीत, आणि २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या त्या ठेव्यातले एक रोपही घरी आणणे मला मान्य नाही.

सजावटीसाठी बाजारातून काही आणण्याची गरज नाही. जुन्या मातीच्या कुंड्यांना गेरू लावून वर खडूच्या पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी आईने काढावी. ऑइलपेंट लावू नये, कारण त्याने मातीची छिद्रे बुजतात आणि कुंडीचा ओलावा आतच कोंडतो. आकाशकंदील बाबांनी नेहमीसारखा कामट्यांचाच करावा. सुतळीने सांगाडा पक्का बांधण्याचे त्यांचे कसब नातवंडांनी पाहायलाच हवे. पतंगी कागद खळीने चिकटवायचे काम मुलांकडे द्यावे आणि आत पाच वॅटचा पिवळसर एलईडी दिवा लावावा, म्हणजे कागद तापण्याची भीती नाही. किल्लाही वाफ्यासाठी आणलेल्या मातीचाच करू. समोर अजिंक्यतारा असताना मुलांना नमुना शोधावा लागणार नाही. उतारांवर अळीव आणि मोहरी टाकली की तीन-चार दिवसांत हिरवे होते, आणि तुळशीचे लग्न लागल्यावर ती सगळी माती पुन्हा वाफ्यात जाईल.

मला सर्वांत जास्त ओढ आहे ती तुमच्या बसण्याच्या जागेची. वाफ्याशेजारी सकाळचे कोवळे ऊन येते, तिथे हातांची लाकडी खुर्ची ठेवावी. हात असले म्हणजे उठताना आधार मिळतो. आईच्या जुन्या सुती लुगड्यांची वाकळ या थंडीत शिवून पुरी करू. धावदोरा घालायला मीही बसेन. साताऱ्याच्या मार्गशीर्षातल्या गारठ्यात ती पाठीशी आणि गुडघ्यांवर असली की चहा बाहेरच घेता येईल. मात्र त्याआधी पायऱ्यांवर पावसाळ्यात धरलेले शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून, तारेच्या ब्रशने कोणाकडून तरी खरवडून घ्यावे. पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा ओढून घ्या, म्हणजे संधिप्रकाशात कड दिसते. पणत्या या पट्ट्यावर न ठेवता वाफ्याच्या विटांवर लावाव्यात. आईचा पदर तिथून दूर राहील.

मी वसुबारसेला येते आहे. मेथी, धणे आणि मुळ्याचे बी इथूनच आणीन. तोपर्यंत बाबांनी कुंपणाच्या भिंतीची लांबी आणि फाटकापासून पायरीपर्यंतचे अंतर टेपने मोजून कळवावे. शिवाय आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसून हात सहज जिथे टेकतो ती उंचीही मोजावी, कारण वाफा तेवढाच उंच हवा. आकडे मिळाले की विटांचा आणि वाळूचा हिशेब मी इथून काढून पाठवते, मग गवंड्याशी बोलावे.

आपली,
लेक