फ्लेक्सवरची सुरमई आणि दांडीवरचे पेडवे

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी लागली की ‘मालवण पर्यटकांनी गजबजले’ ही बातमी दरवर्षी येते, यंदाही आली. बातमी खरीच आहे. बंदर जेटीवर उभं राहायला जागा नव्हती आणि भरड नाक्यावर गाड्या इंच इंच सरकत होत्या. पण या बातमीत आम्ही गाववाले कधी नसतो. आम्हीही बाहेर जेवायला जातो, हे कोणाच्या लक्षात येत नसावं. म्हणून हे पत्र.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. मेढा, धुरीवाडा, दांडी, वायरी या मालवणच्या भागांतली बहुतेक दारं मला ठाऊक आहेत, आणि कुठल्या दारात दुपारी कसला वास येतो तेही. निवृत्तीनंतर आमच्या हिने जाहीर केलं, की आता आठवड्यातून एक दिवस चूल बंद. रविवारी गर्दी, सोमवार-गुरुवार-शनिवार शिवराक (शाकाहारी जेवण), तेव्हा बुधवार ठरला. आधी खानावळ, मग चिवला किनाऱ्याच्या वाळूत नाहीतर जेटीवर बसायचं आणि ऊन कललं की घरी. मागच्या डिसेंबरात तर होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्यातही जाऊन आलो. 1664 साली महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला रोज डोळ्यांसमोर, पण आत पाऊल टाकून एकोणीस वर्षं झाली होती. समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. हिने तिन्हींत वाकून पाहिलं आणि आमच्या घरच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात का मचूळ होतं, ते मला विचारलं. मी काय सांगणार?

पण मुद्दा जेवणाचा आहे.

गेल्या महिन्यात एका बुधवारी सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे वाळूवरून दोराने ओढायचं मोठं जाळं, लागली होती. आम्ही लहान असताना दोराला हात लावला की घरी न्यायला मूठभर मासळी मिळायची, त्यामुळे रापण दिसली की पाय अजून तिकडेच वळतात. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात पेडवे आणि तारले ही छोटी काटेरी मासळीच जास्त होती. मधूनमधून बांगडे आणि पाचसहा मुडदुशे. मुडदुशा म्हणजे बाळंतिणीला आणि आजाऱ्याला द्यायचा हलका मासा, तळला की अगदी खुसखुशीत लागतो. तोंडाला पाणी सुटलं. म्हटलं, आज खानावळीत यातलं काहीतरी असणारच.

दुपारी साडेबाराला आम्ही टेबलावर. पोऱ्याला विचारलं, “आज मासो खयचो?” त्याने एका दमात म्हटलं, “सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, चिकन थाळी.” मी म्हटलं, पेडवे? तो माझ्याकडे बघतच राहिला. पोर कुठल्या लांबच्या गावाहून आलेलं, त्याचा काय दोष! गल्ल्यावरून मालकच बोलले, “काका, पेडवे कोण मागता? काटे बघल्यानी काय पावणे ताट परत धाडतत.”

त्यांचंही खोटं नाही. मुंबई-पुण्याचा माणूस आठ तास गाडी चालवून येतो, त्याला सुरमईची जाड तुकडी हवी असते. धंदा त्याच्यावर चालतो, माझ्या बुधवारावर नव्हे. बांगडा बहुतेक ठिकाणी मिळतो, नाही म्हणत नाही. पण जिथे रापण लागली ती वाळू त्या टेबलापासून चालत दहा मिनिटांवर. तिथला मासा या ताटात येत नाही आणि ताटातली सुरमई कुठली हे मालकालाही धड सांगता येत नाही, हे मला विचित्र वाटतं. इथली चांगली मासळी बर्फात घालून गोव्याच्या गाडीने जाते आणि दुसरीकडची बर्फातली इथे येते.

दारावर फ्लेक्स असतो, बाराही महिने तोच. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ म्हणून ही बंदी, आणि समुद्रही तेव्हा कुणाला आत घेत नाही. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ अर्पण केल्यावरच आमच्याकडे समुद्र खुला झाला असं मानतात. पण जुलैच्या मध्यावर आम्ही एका ठिकाणी गेलो, तर बाहेर पाऊस ओतत होता, होड्या शाकारून ठेवलेल्या होत्या आणि फ्लेक्सवर ‘ताजी सुरमई, ताजे पापलेट’. पापलेट मागवलं. आलं ते हिच्या तळहाताएवढं. ही बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, “ह्येका अजून बालवाडीतय घालूक नाय, आणि ताटात घातल्यानी!” 2023 साली याच पापलेटला सरकारने राज्यमासा केलं. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला आणि त्याहून लहान पकडायचे नाहीत असा नियम केला. हे पापलेट त्या मापात बसत होतं की नाही, कोण जाणे. आम्ही दोघांनी ते खाल्लं, साडेचारशे रुपये दिले आणि छत्री उघडून घरी आलो.

बरं, पावसात खायला काही नसतं असंही नाही. खाडीच्या तिसऱ्या असतात, कुर्ल्या असतात, नदीला चढणीचे मासे येतात. सुका बांगडा चुलीत भाजून त्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) करावी, गोलम्याची (सुक्या जवळ्याची) चटणी करावी, सोबत उकड्या तांदळाची पेज. टाकळ्याची भाजी मी आजवर कुठल्याच खानावळीत पाहिलेली नाही. (सोलकढीबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. एका ठिकाणी ती पिऊन जीभ गुलाबी झाली. सोलांनी जीभ आंबते, रंगत नाही.)

त्या बुधवारी शेवटी काय झालं ते सांगतो. सुरमई थाळी न घेता आम्ही उठलो. परत दांडीवर जाऊन पन्नास रुपयांचे पेडवे घेतले आणि चूल बंदचा नियम मोडून हिने तिखला (माशांचं दाट तिखट कालवण) केला. ओलं खोबरं, बेडगी मिरची आणि धणे पाट्यावर वाटले, पाच-सहा सोलं टाकली आणि उतरवताना बिया काढलेली तिरफळं ठेचून घातली. पेडव्याचा काटा काढायचा नसतो. डोकं आणि शेपूट दोन बोटांत धरून दातांनी मास ओढून घ्यायचं, काटा सबंध हातात राहतो. पाच वर्षांच्या नातवाला तिने हे पाच मिनिटांत शिकवलं. पाहुण्यांना एखाद्या वेटरने दाखवलं, तर त्यांनाही जमेल की.

माझी मागणी फार मोठी नाही. फ्लेक्स राहू द्या, पण त्याच्याखाली एक फळा लावा. आज बंदरात काय आलं ते खडूने लिहा आणि संपलं की पुसा. बर्फातलं असेल तर बर्फातलं लिहा, आम्ही तरीही खाऊ. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी अर्धी थाळी ठेवा, दोन तुकड्या आणि पाच वडे आता पोटात मावत नाहीत.

नुसतं पत्र लिहून थांबू नये म्हणून नातवाची जुनी पाटी आणि खडूचा डबा घेऊन मी त्याच मालकांकडे गेलो. “ह्येच्यार रोजचो मासो लिव,” म्हटलं. “लिवतंय काका,” म्हणाले आणि माझ्यासमोरच सुबक अक्षरात ‘आज तारले’ असं लिहून पाटी दाराला टांगली. आम्ही खूश होऊन तारले खाल्ले. पुढच्या बुधवारी गेलो तेव्हा पाटीवर ‘आज तारले’च होतं. तारले मागितले. पोऱ्या म्हणाला, “सुरमई है.”

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, मालवण