मोठ्या मोटरसायकलचा टायर किती किलोमीटरचा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ॲडव्हेंचर प्रकारातल्या मोठ्या मोटरसायकली आता तालुक्याच्या गावीही दिसू लागल्या आहेत. गाडी घेताना लोक महिनोन्महिने चौकशी करतात, पण मागचा पहिला टायर संपला की दुकानात असेल तो चढवून मोकळे होतात. तो लवकर गोटा झाला की दोष कंपनीला लागतो. या गाड्यांचा मागचा टायर साधारण पुढच्याच्या दुप्पट वेगाने झिजतो. म्हणजे हा खर्च पुन्हा पुन्हा येणारा आहे, आणि तो निम्म्यावर आणणे पुष्कळसे मालकाच्याच हाती असते.

हिशेब किलोमीटरमागे मांडावा. समजा एक टायर सहा हजारांचा आहे आणि बारा हजार किलोमीटर चालतो. खर्च पडला किलोमीटरला पन्नास पैसे. दुसरा पंधरा हजारांचा, अठरा हजार किलोमीटर चालणारा. तो पडला त्र्याऐंशी पैशांना. तिसरा पाच हजारांचा, पण चारच हजार किलोमीटरचा. तो सव्वा रुपयाला. शिवाय दर वेळची चढवणावळ, बॅलन्सिंग आणि स्पोकच्या चाकाला नवी ट्यूब. सर्वांत स्वस्त दिसणारा टायर इथेच सर्वांत महाग ठरतो.

आयुष्य ठरते ते आधी नक्षीवर. बटण टायर, म्हणजे उंच, सुट्या ठोकळ्यांचा टायर, रुबाबदार दिसतो, पण डांबरावर त्याचे मोजकेच ठोकळे जमिनीला टेकतात. ब्रेक मारला की प्रत्येक ठोकळा वाकतो, तापतो आणि एका कडेने खरवडला जातो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या दहातले नऊ किलोमीटर डांबरावर किंवा काँक्रीटवर धावतात. उरलेला कच्चा रस्ता म्हणजे गडाच्या पायथ्यापर्यंतचा मुरूम नाहीतर खडी, आणि तिथे रुंद, एकमेकांलगतच्या ठोकळ्यांचा, ऐंशी टक्के रस्त्यासाठी घडवलेला टायर पुरतो. बटणांची खरी गरज चिखलात आणि मऊ मातीत. वर्षातल्या तशा चार दिवसांसाठी उरलेले तीनशे साठ दिवस बटणे झिजवणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट रबराची. टणक रबर जास्त टिकते, पण पावसात तेच सुटते. हायडेनाऊचा के-६० स्काउट किंवा मितासचा ई-०७ हे टायर दीर्घायुष्यासाठी जगभर नावाजलेले आहेत, पण ओल्या गुळगुळीत रस्त्यावर ते कोणी डोळे मिटून वापरत नाही. जुलैतला आंबोली किंवा ताम्हिणी घाट ज्याच्या रोजच्या वाटेवर आहे, त्याने हा विचार आधी करावा. मधोमध टणक आणि कडेला मऊ रबर असलेला टायर मिळाला तर उत्तम. सरळ महामार्गावर मधला भाग टिकतो, वळणावर कडा धरून ठेवतात. माझे स्पष्ट मत असे, की काटकसर करायची तर मागच्या टायरवर करावी. पुढचा टायर ओल्या रस्त्यावर पकड देणाराच घ्यावा, कारण मागचे चाक घसरले तर सावरायला थोडी तरी सवड असते, पुढचे सुटले तर तीही नसते.

आता टायरच्या कडेवर कोरलेले आकडे. ‘१५०/७० आर १७, ६९ व्ही’ यातले आधीचे आकडे मापाचे, आणि ६९ हा टायर पेलू शकतो त्या वजनाचा आकडा आहे. त्याचा अर्थ ३२५ किलो. ६६ म्हणजे ३०० किलो, ७२ म्हणजे ३५५. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत, एच २१०, टी १९०, एस १८०. बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस घ्या. गाडी २४९ किलोची आणि सामानसुमान, माणसे धरून परवानगी ४६५ किलोची. तिच्या १७०/६० आर १७ मागच्या टायरवर ७२ हा आकडा उगाच नसतो. मापाने तोच पण वजनाच्या आकड्याने हलका टायर स्वस्तात मिळतो. मागे माणूस बसवून आणि तीन पेट्या लादून निघाले की तो आतून तापतो आणि वेळेआधी संपतो. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याच्या खाली कधीही जाऊ नये.

मापात हौस करू नये. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ चे मागचे माप १२०/९०-१७. त्याजागी १४०/८०-१७ चढवणारे पुष्कळ आहेत. टायरचा व्यास सुमारे ८ मिलिमीटरने वाढतो, ते एक वेळ चालेल. पण अरुंद रिमवर रुंद टायर दाबला जाऊन त्याची पाठ उंचवटते, मध्यावर अरुंद पट्टाच टेकतो आणि तोच आधी संपतो. साखळीपाशी जागा कमी होते ती वेगळीच. रेडियल (मापात ‘आर’ लिहिलेला) आणि साधा टायर यांची जोडी गाडीच्या कंपनीने तशी दिली असेल तरच करावी. टायरवर ‘टीएल’, म्हणजे ट्यूबलेस, लिहिले आहे म्हणून साध्या स्पोकच्या चाकात ट्यूबशिवाय बसवता येत नाही, कारण हवा तारांच्या भोकांतून निघून जाते.

दुकानात पैसे देण्याआधी टायरच्या कडेवरच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नीट ठेवलेला दोन वर्षांचा टायर घ्यायला हरकत नाही. त्याहून जुना असेल तर दर पाडून मागा, आणि पाच वर्षांचा फुकटही नको. आयएसआयची खूण पाहा, ती कायद्याने लागते. जून २०२० पासून केंद्राने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यामुळे परदेशी टायर कधी मिळतात, कधी नाही, आणि जुना साठा फिरत राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात तोच लागला आहे ना, हेही पाहून घ्या.

चढवताना बहुतेक घोटाळे होतात. बाणाची दिशा उलटी जाते. ट्यूब ही टायर चढवायच्या लिव्हरखाली चिमटली जाते आणि दोनशे किलोमीटरवर पंक्चर होते. स्पोकच्या चाकात तारांची टोके झाकणारी रबरी पट्टी कुजलेली असली तरी तीच परत घातली जाते. ट्यूबला आधी थोडी हवा भरून गोल करून घ्यावी आणि शंखजिऱ्याची पूड लावावी. हवा भरल्यावर रिमच्या काठालगत टायरवर एक बारीक रेघ दिसते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका जागी आत दबली असेल तर टायर नीट बसलेला नाही, चाक धडधडणार. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी जपून वाकवावी, नव्या रबराची तुळतुळी जाईपर्यंत.

यानंतरचे सगळे आयुष्य हवेवर अवलंबून आहे. वर सांगितलेल्या जीएसला पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) सांगितले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतात. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. तासभर महामार्गावर चालवून पुन्हा मोजली तर साधारण चार पीएसआय वाढलेली असावी. त्याहून बरीच जास्त वाढली, तर थंडपणी हवा कमी होती आणि टायर फार तापतो आहे असे समजावे. कच्च्या रस्त्यासाठी हवा उतरवली असेल तर डांबरावर येताच भरावी. एवढा कंटाळा केला म्हणून टायर संपल्याची उदाहरणे सर्वत्र दिसतात. महिन्यातून एकदा पुढच्या टायरवरून तळहात आधी पुढे, मग मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे लागले तर ठोकळे तिरपे झिजत आहेत. हवा वाढवून किंवा सस्पेन्शन तपासून ते लवकर थांबवता येते. कायद्याने दुचाकीला ०.८ मिलिमीटर नक्षी चालते, पण पावसाळ्यात दोन मिलिमीटरच्या खाली गेलेला मागचा टायर बदलून टाकावा. गोटा झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने खाचा पाडून देणाऱ्यांकडे जाऊ नये. ते पाते उरलेले रबर कापते, आणि टायरच्या आतल्या दोऱ्यापर्यंत जायला मग वेळ लागत नाही.

माझी तक्रार एका गोष्टीची आहे. मोटारीच्या टायरवर झिजेचा तुलनात्मक आकडा छापण्याची पद्धत अमेरिकेत आहे. मोटरसायकलच्या टायरला ती तिथेही लागू नाही, आणि आपल्याकडे तर ग्राहकाला ऐकीव माहितीवरच सोडले आहे. बुटीबोरीला सिएटचा आणि गोव्यात उसगावला एमआरएफचा कारखाना आहे. ९०/९०-२१ आणि १४०/८०-१७ सारख्या मापांत आता देशी टायर मिळतात, पण १२०/७० आर १९ आणि १७०/६० आर १७ घेणाऱ्याला बऱ्याचदा परदेशी मालाकडे पाहावे लागते. अशा मापांत देशी कंपन्यांनी जास्त टायर काढावेत, ठरलेल्या वजनाला आणि हवेला चाचणी घेऊन झिजेचा आकडा टायरवर छापावा, आणि दुकानदारांनी बिलावर टायरच्या निर्मितीचा आठवडा लिहून द्यावा. शेवटच्या गोष्टीला कोणत्याही कायद्याची वाट पाहायला नको. ग्राहकाने बिल हातात घेताना मागितले, तर ती उद्यापासून सुरू होऊ शकते.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक, पुणे