शैले, तूच बरोबर होतीस

प्रिय शैले,

चार महिने पत्र नाही, फोन नाही, तुझे तीन मेसेज तसेच पडलेत. रागाव, पण आधी हे वाच, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. तब्येत बरी आहे, सर्दी आहे, ती इथं स्कॉटलंडात सगळ्यांनाच असते.

अगं, एडक्यांची लोकर गळायला लागली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात! सोए ही इथली जुनी जात, या मेंढ्या कातरायच्या नसतात हे तुला ठाऊक आहे, त्या वसंतात स्वतःच अंग मोकळं करतात, पण एप्रिल-मेच्या सुमाराला. आणि बाहेर बर्फ असताना आमचा थोरला एडका मानेखाली असा उघडा पडला की मी हात लावला आणि मूठभर लोकर हातातच आली. मालकीणबाईंनी बघितलं आणि एकच शब्द उच्चारला, खरूज. इथं खरूज निघाली की सरकारला कळवावं लागतं, म्हणून लगेच डॉक्टर आले, कातडी खरवडून नेली, काही सापडलं नाही. तरी बाईंचं ठरलंय की शेजाऱ्याच्या मेंढ्या कुंपणाला घासून गेल्या त्यातूनच हे आलं, आणि इतक्या वर्षांचा शेजार, आता नमस्कार-चमत्कारही बंद.

मी रात्री बॅटरी घेऊन बसले आणि लोकर बाजूला सारून बघितलं. कातडी स्वच्छ, खाज नाही, खपली नाही, आणि खाली सगळीकडे बारीक, गडद, टोकदार नवे केस वर आलेले. ते जुन्या लोकरीला खालून रेटत होते. तेव्हा मला तुझा थर्ड इयरचा चेहरा आठवला.

आठवतंय ना, आपण आठ दिवस बोललो नव्हतो? मी म्हणत होते लोकर उन्हाच्या तापानं गळते, तू म्हणत होतीस तापाचा संबंध नाही, दिवसाच्या लांबीचा आहे, आणि मी मेसमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले की मग माणदेशातल्या मेंढ्यांना काय कॅलेंडर दिलंय का. तू ताट उचलून गेलीस. पक्यानं मध्यस्थी केली नसती तर अजून बोललो नसतो.

तर ऐक. माझ्या खोलीत नेट येत नाही, शेडमध्ये येतं. म्हणून ऑक्टोबरअखेरपासून मी परीक्षेचा अभ्यास शेडमध्येच करतेय, आणि दुपारी तीनपासून रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइटचा टायमर मीच लावलाय. सहाही एडके त्याच शेडमध्ये, मेंढ्यांपासून लांब ठेवायचे म्हणून आत बांधलेले. बाहेर डिसेंबरात जेमतेम सात तास दिवस, आत पंधरा. डिसेंबरातच त्यांच्या टकरा थांबल्या होत्या, मी म्हटलं चला, शहाणे झाले! मेंढ्या मात्र माळावर, त्यांच्या अंगावर लोकर जशीच्या तशी, एक केस हललेला नाही. एकाच कळपाचे दोन भाग, चारा तोच, थंडी जवळजवळ तीच, फरक फक्त माझ्या ट्यूबलाइटचा.

तू सांगायचीस तसंच सगळं. रात्र लांब तर मेलाटोनिन, ते अंधारातलं हार्मोन, जास्त वेळ सुटतं, रात्र आखडली की पिट्यूटरीच्या, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीच्या, देठाजवळचा भाग ते ओळखतो आणि प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन चढतं, प्रोलॅक्टिन चढलं की झोपलेली केसांची मुळं जागी होतात. संशोधक जेराल्ड लिंकन यांनी एडिनबरोत हेच केलं होतं ना, सोळा आठवडे सोळा तास उजेड, मग सोळा आठवडे आठ तास, आणि सोए एडक्यांचं वर्षच आखडून दाखवलं. पुढे मेंदूपासून पिट्यूटरी तोडलेल्या एडक्यांतही प्रोलॅक्टिन उजेडाबरोबर वरखाली होत राहिलं, हे मी गेल्या आठवड्यात वाचलं, त्याच ट्यूबखाली बसून, आणि समोर तो थोरला अंग घासत उभा.

आणि मेसमधल्या त्या वाक्याचं उत्तरही आता कळतंय. आपल्याकडे वर्षभरात दिवस अकरा तासांपासून तेरा तासांच्या जरासा वर जातो, इथं सातापासून साडेसतरापर्यंत. शिवाय दख्खनी मेंढीला माणसानं कातरून कातरून वेगळ्या वळणावर नेलंय. सोएंना कातरणारं कुणी नव्हतंच. स्कॉटलंडच्या पश्चिमेला दूर समुद्रातल्या सेंट किल्डा बेटांवरची माणसं १९३० साली तिथून निघून गेली, १९३२ मध्ये त्यातल्याच सोए बेटावरच्या १०७ मेंढ्या हिर्टा या मुख्य बेटावर आणून सोडल्या, तेव्हापासून त्या तिथं आपल्या आपण जगताहेत. तिथं चुकीच्या महिन्यात लोकर टाकणारी मेंढी टिकणार कशी? आणि इथं ती चूक मी त्यांच्याकडून करवून घेतली, हे मला खातंय.

बाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या शिफारशीच्या पत्रावर माझं पुढचं सगळं आहे. पण शेजारचा म्हातारा काल रस्त्यात थांबला आणि मला विचारलं, माझं काय चुकलं? मला उत्तर देता आलं नाही, मान खाली घालून पुढे गेले. उद्या सकाळी चारा घालतानाच बाईंना सांगणार आहे, आधी त्यांना आणि मग त्याला. तू असतीस तर म्हणाली असतीस पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस.

टायमर काढलाय. पण उजेड बंद केला म्हणून लोकर परत चिकटत नाही, नवी वाढेपर्यंत त्यांना आतच कोरड्यात ठेवायचं, जास्त खायला घालायचं. थोरल्याला रात्री कापरं भरतं.

तुझी बदली आटपाडीलाच झाली का शेवटी? मनूची दहावी, तिला माझ्याकडून खूप सारं. काकांच्या गुडघ्याचं कळव.

आणि तू निघताना दिलेलं घोंगडं आता थोरल्याच्या पाठीवर आहे, सुतळीनं बांधलंय. एक कोपरा त्यानं चावलाय. तेवढं एक माफ कर, बाकीच्यावर भांडायला फोन कर, रविवारी, तुझ्या दुपारी.

तुझीच,
सुमी