कागदावर टोचलेले इंजेक्शन : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. माझ्या तक्रारीवर अकरा महिन्यांनी आलेल्या दोन पानी उत्तरात कामाचे वाक्य एकच आहे : ‘सदर महिलेस प्रसूतीपश्चात अँटी-डी इंजेक्शन दिल्याची नोंद आढळते.’ महोदय, ते मला दिलेले नाही.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला, की पुढच्या बाळाच्या रक्षणासाठी हे इंजेक्शन बाळंतपणानंतर ७२ तासांत द्यायचे असते. माझा रक्तगट बी निगेटिव्ह, मुलीचा बी पॉझिटिव्ह. सहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सिस्टरांनी ‘साठा नाही, बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी हातात ठेवली, आणि यजमान चौथ्या दिवशी बर्फाच्या पिशवीतून कुपी घेऊन आले, तेव्हा ७२ तास उलटले म्हणून ती आम्हालाच परत देण्यात आली. उशीर झाला तरी दहा दिवसांपर्यंत ते द्यावे, काही उपयोग होतो, हे आम्हाला फार नंतर कळले.

आईच्या रक्षक पेशी बाळाच्या वैरी नसतात. पहिल्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात ज्यांची गर्दी असते त्या पेशींचे नावच ‘नॅचरल किलर’, पण तिथे त्या वारेकडे रक्त नेणाऱ्या धमन्या रुंद व्हायला हातभार लावतात. घात होतो तो बाळंतपणात बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळल्यावर. निगेटिव्ह आईच्या रक्तात नसलेली आरएच-डी ही बाळाच्या तांबड्या पेशींवरची परकी खूण ओळखून तिच्या शरीरात स्मृतिपेशी तयार होतात, आणि पुढच्या खेपेला प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. ही ओळखच पटू न देणारे औषध, म्हणजे हेच अँटी-डी, १९६८ पासून वापरात आहे. ते न मिळाल्यास, आरएच पॉझिटिव्ह बाळ झालेल्या शंभर आरएच निगेटिव्ह मातांपैकी पंधरा-सोळा जणींना ही बाधा होते, असे डॉक्टरांनी सांगितले. आपल्या खात्यात हे कोणी मोजत असल्यास आकडा कळवावा.

दुसऱ्या खेपेला माझी कूम्ब्स चाचणी, म्हणजे आईच्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत का ते पाहणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली. सातव्या महिन्यात बाळाला पोटातच रक्त चढवावे लागले, जन्मल्यावर दोनदा रक्त बदलले, दीड एकर गहाण पडले, आणि कावीळ मेंदूपर्यंत गेलेला माझा मुलगा आज अडीच वर्षांचा असून ताट वाजवले तरी वळून पाहत नाही. माझ्या पेशींनी एकदाच पाहिलेले जन्मभर लक्षात ठेवले; सरकारला मात्र २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात दिलेला मोफत औषधांचा शब्द आठवत नाही. खरेदी कधी या कार्यालयाने करायची, कधी त्या प्राधिकरणाने, आणि तोवर बाळंतिणीने थांबायचे, असा हा कारभार आहे. उद्घाटनाच्या फिती मात्र कधी कमी पडल्याचे ऐकिवात नाही.

प्रत्येक प्रसूतिगृहात या औषधाचा शीतसाठा ठेवावा, तो किती शिल्लक आहे हे दारावरच्या फळ्यावर लिहावे, आणि प्रत्येक आरएच निगेटिव्ह गरोदर बाईची कूम्ब्स चाचणी मोफत व्हावी, एवढेच मागणे आहे.

शिवाय, नोंदवहीत माझ्या नावापुढे कोणता बॅच क्रमांक लिहिला आहे, तो कळवावा. माझी कुपी अजून आमच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी आहे. तिचे सील फोडलेले नाही.

आपली,
एक बी निगेटिव्ह आई